ट्रकमध्ये रेडिओ चालू आहे

ही घटना अक्षरशः खरी आहे. जिच्या घरी ती घडली, ती आर्डिस टॉलेफ्सन खोटं बोलत नाही.

आयुष्यात एकदाच बोलली. शेजारणीचा हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाटा-खिम्याचा काला, छान झालाय म्हणाली, आणि तेव्हापासून दर रविवारी तो खातेय.

मिनेसोटा. फेब्रुवारीतला मंगळवार. संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे तिकडे मिट्ट काळोख.

आर्डिसचा नवरा व्हर्लिन जाऊन महिना झाला होता. गोठलेल्या पाइक तलावावर मासे धरायला तो नवाकोरा ट्रक घेऊन गेला. बर्फाला ट्रक पेलला नाही. पाणबुड्यांनी व्हर्लिनला वर आणलं. ट्रक मात्र बर्फ वितळेपर्यंत खालीच राहणार होता.

घरात आता फ्रिजचा तेवढा आवाज होता. फ्रिजशी माणूस बोलून बोलून किती बोलणार?

व्हर्लिननं खोलीखोलीत बिनतारी स्पीकर बसवले होते. त्यांवर उपग्रह रेडिओ लागायचा. खातं दोघांत एक, आणि एका वेळी एकाच ठिकाणी ऐकायची सोय. तो ट्रकमध्ये, ही स्वयंपाकघरात. एकानं लावला की दुसऱ्याचा बंद. दिवसभर हिसकाहिसकी.

"काय ते भाते फुंकतात!" तो तिच्या पोल्का नाचाच्या गाण्यांना म्हणायचा.

"आणि तुझे ते काठ्या घेऊन भांडणारे हॉकीवाले? रेडिओवर दिसतात का तरी?"

त्या संध्याकाळी तिनं महिन्यात पहिल्यांदा फोनवर पोल्का लावला.

स्पीकर गप्प...

फोनवर अक्षरं उमटली.

'सध्या व्हर्लिनच्या ट्रकमध्ये रेडिओ चालू आहे. तिथे बंद करून इथे ऐकायचा?'

खाली दोन बटणं. हो. नाही.

तिनं मुलीला, ब्रिटाला, फोन लावला.

"आई, त्यांच्याकडेच काहीतरी घोळ असेल. 'हो' दाब आणि ऐक."

"आणि तो ऐकत असला तर?"

"आई... बाबा गेलेत."

"मला माहितेय गं. मीच माती दिलीय. पण तिथे तलावाच्या तळाशी काळोख असेल. त्याला दुसरं आहे काय?"



आर्डिसनं त्या दिवशी काही दाबलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फ्रिज ऐकत बसली.

शनिवारी तेही असह्य झालं. डोळे मिटून तिनं 'हो' दाबलं.

पोल्का सुरू झाला. स्वयंपाकघर भरून गेलं. महिन्याभरानं तिला भूक लागली.

मग गाणं मध्येच तुटलं...

'व्हर्लिनच्या ट्रकमध्ये रेडिओ सुरू झाला आहे. इथला बंद केला आहे.'

तिनं पुन्हा 'हो' दाबलं. अर्धी ओळ वाजली.

बंद...

पुन्हा दाबलं.

बंद...

ही हिसकायची घाई तिच्या ओळखीची होती.

"व्हर्ल," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "आज मॅच तरी आहे का?"

तिनं पेपरात पाहिलं.

मॅच होती.

सोमवारी तिनं कंपनीला फोन केला. पलीकडची बाई गोड बोलत होती.

"खातं बंद करायचंय? खातेदाराला फोन देता का?"

"तो वारला."

"अरेरे, ऐकून फार वाईट वाटलं." टकटक टाइप केल्याचा आवाज. "पण मॅडम, ते आत्ता ऐकताहेत."

"कुठे?"

"ट्रकमध्ये, असं दिसतंय. ऐकणं चालू असताना आम्हाला खातं बंद करता येत नाही."

"मग मी करू काय?"

"तुम्ही कुटुंब योजना घ्या ना! दोघांनाही एकदम ऐकता येईल. भांडणच मिटलं."

आर्डिसनं योजना घेतली.

मे महिन्यात ट्रक वर काढला. रेडिओच्या खाचेतून गाळ निघाला. त्याच आठवड्यात भंगारवाल्यानं ट्रक दाबून त्याचा ठोकळा केला.

फोनवर व्हर्लिनचा ट्रक अजून ऐकतोच आहे. संध्याकाळी ही स्वयंपाकघरात पोल्का लावते, आणि आवाज जरा कमीच ठेवते.

योजनेत तिसऱ्याचीही सोय आहे. तिनं ब्रिटाला विचारलं.

ब्रिटाला रेडिओची आवड नाही.