आत्यांना वगळलेली वंशावळ

घराण्यात कुणालाच कर्करोग नाही, मग विनयाआत्याला छत्तिसाव्या वर्षीच स्तनाचा कर्करोग कसा झाला? शाल्मलीला हे कोडं सुटत नव्हतं. मिरजेच्या रुग्णालयातल्या त्या खोलीत औषधांचा वास कोंदला होता. आत्याचे केस पार विरळ झाले होते.

"सगळेच कर्करोग आनुवंशिक नसतात," सुमेध म्हणाला. रुग्णांच्या घरच्यांना आजार समजावून सांगणारा हा यंत्रमानव पलंगाशी उभा होता. "पण वय लहान, म्हणून बहुजनुक चाचणी केली. पूर्वी एकेक जनुक (आईवडिलांकडून आलेली, पेशीला काम सांगणारी सूचना) वेगळं तपासत. आता रक्ताच्या एकाच नमुन्यात कर्करोगाच्या जोखमीशी संबंधित अनेक जनुकं एकदम वाचतात. विनयाताईंच्या एका जनुकात दोष सापडला. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणं हे त्याचं काम. ते अडलं की जोखीम वाढते. असा दोष बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून येतो. म्हणून पुन्हा विचारतो, घरात आणखी कुणाला होता?"

"कुणालाच नाही. सहा पिढ्यांची वंशावळ मला तोंडपाठ आहे," बाबा म्हणाले.

"दादा, तुझ्या वंशावळीत बायका आहेत कुठे?" आत्या क्षीण हसली. "आपल्या दोन्ही आत्या याच आजारानं चाळिशीच्या आत गेल्या."

"त्या सासरच्या झाल्या. त्यांचं गोत्र बदललं."

"म्हणजे उद्या मी गेले तर मलाही पाहुण्यांतच धरशील."

"लग्नानं जनुकं बदलत नाहीत," सुमेध म्हणाला. "दोष तुमच्या वडिलांकडून आलेला दिसतो. पुरुष स्वतः आजारी न पडताही तो पुढे देऊ शकतो. तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी."

"आणि माझ्यात?" शाल्मलीनं विचारलं.

"बाबांमध्ये नसेल, तर त्यांच्याकडून तुला मिळणारच नाही. असेल, तर पुन्हा निम्मी. तुझी चाचणी आत्ता नको. मोठी झालीस की तू ठरव. दोष असला म्हणजे आजार होतोच असं नाही. पण ठाऊक असेल, तर तपासण्या लवकर सुरू करता येतात."

"मला उशिरा कळलं," आत्या भिंतीकडे बघत म्हणाली.

मग बाबांनी शर्टाची बाही दुमडली आणि हात पुढे केला.

"घ्या रक्त," ते शाल्मलीकडे बघत म्हणाले. "जे असेल ते हिला वेळेवर कळू दे."