लागलेल्या खर्चावर

"सरकार किती खातंय, ते पुस्तक कुठल्या कपाटात हाय हो?"

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एवढ्या मोठ्यानं कुणी बोलत नसे. शिवांजलीनं मान वर केली. समोर एक उंचापुरा तरुण — आणि सगळे आपल्याकडे बघतायत याचा त्याला पत्ताच नाही!

"खातंय नाही," ती हळूच म्हणाली, "उपभोग म्हणतात. सरकारी उपभोग खर्च. आणि ते पुस्तक... माझ्याकडेच आहे."

"मग हितंच बसतो की!"

त्याचं नाव यशराज. कागलच्या एमआयडीसीत नोकरी. सोमवारी कारखाना बंद, म्हणून त्या दिवशी येऊन बाहेरून एम.ए.चा अभ्यास. देशाच्या एकूण उत्पन्नात सरकारी उपभोगाचा वाटा किती, हाच शिवांजलीचा एम.फिल.चा विषय. तिचं उत्तर बारा टक्क्यांच्या आसपास. त्यानं काढलं अठरा.

"पेन्शन धरलीत काय?"

"धरली की. आमच्या आबांना सरकारच देतंय."

"ते नुसते हातावर ठेवलेले पैसे झाले. आबा खर्च करतील, तो आबांचा उपभोग."

"म्हणजे आबांनी आणलेलं मटण सरकारच्या नावावर न्हाय?"

तिला हसू आवरेना. बाहेर मोर ओरडला. तिनं उगीचच पान उलटलं.

दुपारी त्यानं डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. "घ्या. कालच्या रविवारचा तांबडा रस्सा."

"अहो... आम्ही लिंगायत. आणि आज माझा सोमवार!"

त्यानं असं झाकण लावलं, की जणू डब्यात साप निघाला. कानापर्यंत लाल झाला बिचारा. तिला तो तेव्हाच आवडला असावा.

पुढच्या सोमवारी डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. "मीबी धरलाय," तो खाली बघत म्हणाला. "उपास."

सोमवार असे येत राहिले. सकाळी पूजा करताना कपाळावरची विभूती आता आरशात दोनदा बघितली जाई... शिव शिव!

एकदा त्यानं विचारलं, "सरकारी शाळेतलं शिकवणं बाजारात विकत न्हाईत. मग त्याची किंमत कशी धरायची?"

"ज्याला बाजारभाव नाही, ते लागलेल्या खर्चावर धरायचं. मास्तरांचा पगार, खडू, फळा..."

"लागलेल्या खर्चावर," तो पुटपुटला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

आणि मग तो सोमवार आला, ज्या दिवशी तिला पुस्तक उघडताच येईना.

"पुढच्या सोमवारी जयसिंगपूरचे पावणे येणार आहेत. मला बघायला. चार वाजता."

"तुमच्या मनात हाय?"

तिनं मान हलवली... नाही.

"मग अप्पांना सांगून ठेवा, तीनला एकजण येतोय."

तिनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांसमोर न अडखळता बोलली. अप्पा, म्हणजे तिचे वडील चन्नाप्पा, गुळाचे व्यापारी. ढेपेवर नुसतं बोट वाजवून भाव सांगणारा माणूस. ते एवढंच म्हणाले, "येऊ दे. बघू या तरी माल."

तीनच्या ठोक्याला यशराज हजर. इस्त्रीचा शर्ट, घामानं भिजलेला. शिवांजली दाराआड.

"जयसिंगपूरकरांचं दुकान हाय, दोन ट्रक हायत," अप्पा म्हणाले. "तुझ्या प्रेमाचा भाव काय, पावणं?"

"त्याला बाजारभाव न्हाय, अप्पा. लागलेल्या खर्चावर धरायचं."

"कुणी शिकवलं हे?"

"तुमच्याच पोरीनं."

"बरं. मग काय खर्च झालाय तुझा?"

"मटण."

"सोमवारचं?"

"न्हाय... समदंच. चार महिनं झालं."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कोल्हापूरचा गडी, आणि रस्सा सोडलास?"

"वास आला की त्रास होतोय अजून," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

अप्पा हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग त्यांनी फोन ओढून जयसिंगपूरचा नंबर फिरवला. "हॅलो... माफ करा, गाडी काढू नका. आमच्याकडचा सौदा झाला."

रिसीव्हर ठेवून त्यांनी आत हाक मारली, "शिवा, चहा टाक गं. उपासाला चालतोय न्हवं ह्याला?"

शिवांजलीनं आधण ठेवलं. घरात केलेला चहा देशाच्या कुठल्याच हिशेबात धरत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं आलं जरा जास्तच किसलं.