ओठांना लागलेलं वळण

प्रणोतीने गालांना आणि हनुवटीला पारदर्शक चकत्या चिकटवल्या आणि ती पडद्यासमोर बसली. व्हिडिओतल्या गोऱ्या बाई हसून म्हणाल्या, "पीस ऑफ केक!" प्रणोतीच्या गालांना बारीक मुंग्या आल्या, तिचे ओठ आपसूक त्या बाईंसारखे हलले आणि मागोमाग आवाज फुटला, अगदी तस्साच.

या यंत्राला कंपनीने 'मुखवळण' नाव दिलं होतं. इंग्रजी वाक्प्रचार पाठ कुणीही करतं. पण तोंडाने म्हणायची वेळ आली की आपला शब्द न् शब्द सुटा पडतो आणि ऐकणाऱ्याला हसू येतं. म्हणून व्हिडिओतल्या माणसाच्या चेहऱ्याचा एकेक स्नायू मोजायचा आणि तेच वळण सौम्य विजेने शिकणाऱ्याच्या चेहऱ्याला लावायचं. शाळेला इतक्या वर्षांत जमलं नाही ते प्रणोतीला एका उन्हाळ्यात जमलं. परदेशातल्या एकट्या म्हाताऱ्यांशी पडद्यावरून गप्पा मारायची नोकरी लागली. इचलकरंजीतल्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले.

पेढा तिच्या आईनेही खाल्ला. मालनबाईंचा जन्म यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात गेला आणि त्या खडखडाटात कानही गेले. पण शेडमधल्या बायकांचं कानांवाचून कधी अडलं नाही. त्या एकमेकींचे ओठ वाचत. लेकीचं बोलणंही मालनबाई तसंच वाचत आल्या होत्या. शाळा दुसरीतच सुटलेली, त्यामुळे कागदावरचं मात्र वाचता येत नव्हतं.

एका दुपारी प्रणोतीने विचारलं, "आई, बीपीची गोळी घेतलीस?"

मालनबाईंनी हसून मान डोलावली.

"मामा कधी येणार म्हणाला?"

पुन्हा तेच हसू, तीच मान. 'कधी'ला नुसती मान कशी डोलावता येईल? प्रणोतीने फडताळ उघडलं. गोळ्यांचं पाकीट फोडलेलंच नव्हतं. बिचारी म्हातारी! लेकीचे बदललेले ओठ तिला आता वाचता येत नव्हते, आणि लेकीला वाईट वाटू नये म्हणून कळल्याचं सोंग किती दिवस करत होती कोण जाणे.

प्रणोतीने कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"ओठांना एकच वळण राहतं, ताई," तो म्हणाला. "मराठीवर परत आणायला मराठी बोलणाऱ्यांचे व्हिडिओ मोजलेले पाहिजेत. ते कुणी केलेच नाहीत. मागणीच नाही."

"आणि मी सराव थांबवला तर?"

"मूळचं वळण येईलही हळूहळू. पण मग ही नोकरी राहणार नाही."

प्रणोतीने गालांवरच्या चकत्या ओरबाडून काढल्या. मालनबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन सावकाश म्हणाली, "आई, मी नोकरी सोडतेय. तुझ्यासाठी."

मालनबाई तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिल्या. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिला रडू फुटलं.

मालनबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि अवघडून विचारलं, "बाळ, माझ्याशी बोलाय लागलीयास, का तुझं कामाचंच म्हणाय लागलीयास?"