मंदाकिनीचा कोंडलेला श्वास

"पाच वाजता भगवानशेठ येतोय, मंदाकिनीला भंगारात न्यायला," क्षिप्राचा धाकटा भाऊ नील धापा टाकत म्हणाला. "आबांनी शब्द दिलाय त्याला."

चकली तोंडाकडे नेणारा क्षिप्राचा हात तसाच थांबला. मंदाकिनी म्हणजे तिच्या आजोबांची, आबांची, वीस वर्षांची पिकअप. मानपाड्यापासून टेंभी नाक्यापर्यंत मांडवाच्या खुर्च्या तिनेच वाहिलेल्या. ती गेली की आबा घरी बसणार, आणि आबा घरी बसलेले क्षिप्राला बघवणार नव्हते.

गेली काही वर्षं मंदाकिनीला दम लागायचा. या दसऱ्यापासून तर कहर झाला. पूल चढताना मागून गोगलगायी हॉर्न देत पुढे निघून जायच्या. धूर इतका काळा, की शेजारच्या पांढऱ्या मांजरीला तिच्या पिल्लांनी तीन दिवस ओळख दिली नाही. गॅरेजवाल्या प्रशांतने बॉनेटसुद्धा न उघडता सांगून टाकलं, इंजिन गेलं.

"न बघता कसं गेलं?" क्षिप्रा उठली. "चल. दीड तास आहे."

आबा अंगणात गाडीला टेकून उभे होते. "बघा काय बघायचं ते," एवढंच म्हणाले.

क्षिप्राने बॉनेट उघडून हवेच्या फिल्टरचा डबा खोलला. आत फिल्टर दुधासारखा पांढराशुभ्र.

"वा, स्वच्छ आहे," नील म्हणाला.

"हेच तर विचित्र आहे, नील्या. इथल्या धुळीत आपली खिडकी एका दिवसात मातकट होते. हा कसा स्वच्छ राहिला? धूळ आत येतच नाहीये. मग हवा तरी येतेय का?"

डब्यातून एक जाड नळी निघून दिव्यामागच्या बोळात शिरत होती. तिचं तोंड दिसत नव्हतं. नीलने आपला काडीसारखा हात खांद्यापर्यंत आत घातला.

"ताई, काहीतरी मऊ आहे. बांधलंय."

"उंदीर?"

"उंदीर गाठ मारतो का?"

त्याने ओढलं. बाहेर आलं एक फडकं. त्याखाली दुसरं, मग तिसरं. सातवं फडकं तर पापडासारखं कडक झालेलं. आबांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"दसऱ्याला गाडी धुतली की मीच बांधायचो," ते पुटपुटले. "धूळ जाऊ नये म्हणून."

"आणि जुनं काढायचात ना?"

"कशाला? दोन असली तर आणखी बरं."

"आबा, ही सात आहेत."

तेवढ्यात फाटक वाजलं. भगवानशेठ अर्धा तास आधीच आला होता, खांद्यावर साखळदंड घेऊन.

क्षिप्राने पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. नळीचं तोंड रेडिएटरच्या मागे होतं, म्हणजे मंदाकिनी गरम हवाच ओढत होती. नळकामातून उरलेला पाइपचा तुकडा तिने नळीला जोडला, पुढच्या जाळीपर्यंत आणला आणि पाणी शिरू नये म्हणून त्याचं तोंड खाली वळवलं. पट्टा आवळला.

"काका, पूल चढली तर नेणार नाही ना?"

"पोरी, ही फाटकाचा उंबरा चढली तरी मी मिशी उतरवीन."

चौघं केबिनमध्ये दाटीवाटीने बसले. पुलाच्या चढावर मध्येच, जिथे ती रोज मान टाकायची, तिथे मंदाकिनीचा वेग उतरू लागला. मागे बसने हॉर्न दिला. नीलने डोळे मिटले. आबांनी गियर उतरवला आणि पाय दाबला. क्षण दोन क्षण काहीच झालं नाही. मग इंजिनने खोल, मोकळा श्वास घेतला आणि गाडी सरसर चढून गेली. क्षिप्राने आरशात पाहिलं. मागे बसवाल्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. धूर नव्हता.

पलीकडे उतरल्यावर आबांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही कान धरले. "प्रशांतला सुनावणार आहेच. पण आधी माझी पाळी. सात वर्षं मी हिचं नाक दाबून धरलं, आणि तुम्ही तासाभरात सोडवलंत. शाबास, पोरांनो."

भगवानशेठने मिशीवरून सावधपणे हात फिरवला. "आबा, गाडी तुमची तुम्हालाच. पण या दोघांची दिवाळीची सुट्टी किती उरलीय? माझ्या ट्रकलाही धाप लागते."

"मला काय विचारता?" आबांनी गाडी पुन्हा सुरू केली. "मिस्त्री त्या बाजूला बसलेत. मी नुसता ड्रायव्हर."