तीन ठोके म्हणजे उलटं फिरव

ज्याला ही थाप वाटेल त्यानं सरळ उमरग्याला यावं. हायवेलाच माझं गॅरेज आहे. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं बघावीत, मग काय हसायचं ते हसावं.

मी शांतलिंग. नाव तेवढं शांत, डोकं कायम तापलेलं, असं माझा भागीदार मुनवर म्हणतो. भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्याला मी गॅरेजमध्ये बसू देत नसे. आता स्वतःच सांगायला बसलोय.

मागच्या एप्रिलमधला शुक्रवार. रात्र वगैरे काही नव्हती.

भर दुपार होती.

कृष्णराज नावाच्या गिऱ्हाइकानं हौसेनं भंगारातून जुनी ॲम्बेसिडर उचलली होती. आधीचा मालक कोण, ते भंगारवाल्यालाही सांगता येईना. इंजिन पार जाम. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटलेले. आम्ही हेड खोललं, वरून डिझेल ओतलं आणि मुरायला ठेवलं. अशा इंजिनाला घाई चालत नाही. थोडं पुढं फिरवायचं, थोडं मागं, पुन्हा डिझेल.

हे दोघांचं काम. एकजण गाडीखालच्या खड्ड्यात, दुसरा पुढच्या भोकात हँडल घालून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवायला. कॉम्प्रेसर चालू असला की खालच्याला वरचं काही ऐकू येत नाही. म्हणून आमची खूण ठरलेली. खालचा माणूस गाडीवर पाना ठोकतो.

एक ठोका, फिरव. दोन, थांब. तीन, उलटं फिरव.

गुरुवारी मुनवरनं हँडलवर पहिला जोर दिला. क्रँक केसभर हलला...

टक... टक.

मुनवर थांबला. "काय झालं रं? थांब म्हणून कशाला ठोकायलास?"

"म्या कुठं ठोकलं? लाव जोर."

त्यानं पुन्हा जोर लावला.

टक... टक.

"शांतलिंग, ह्ये आतून यायलंय बघ."

"गंज सुटायलाय त्यो! गंजाला भितो व्हय? दाब!"

त्यानं दाबलं. ठोके येत राहिले. दोन... पुन्हा दोन. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खड्ड्यात होतो. इंजिनाखालचं ऑइल चेंबर काढलेलं. क्रँक कुठं अडतोय ते कळावं म्हणून उजव्या हाताची बोटं आत घातली होती. असं करू नये, हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत असतं आणि प्रत्येकजण करतो. वर कॉम्प्रेसर धडधडत होता.

डाव्या हातानं एक ठोका दिला.

क्रँक फिरला. अगदी अलगद. कालपासून घाम काढणारा तो क्रँक इतक्या सहज फिरला की मला मुनवरचं कौतुक वाटलं.

बोटांना लोखंड टेकलं. मी दोन ठोके दिले.

थांबला नाही.

पुन्हा दोन. जोरात.

बोटं चेपली गेली. मी किंचाळलो, आणि त्याच वेळी लाइट गेली. कॉम्प्रेसर बंद. खड्ड्यातला बल्ब बंद.

"मुनवर! आरं ए मुनवर! थांब की!"



हँडल मारणाऱ्याचे पाय खड्ड्यातून दिसतात. मी मान वाकडी करून पुढं बघितलं.

पाय नव्हते.

उन्हाच्या झळा येऊ नयेत म्हणून शटर जवळजवळ खाली ओढलेलं होतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आज शुक्रवार. मुनवर नमाजला गेला होता. जाताना सांगितलंही असेल, मला कॉम्प्रेसरमुळं ऐकू आलं नसेल.

मग हँडलवर... कोण?

मोबाईल वर टेबलावर. हात ओढला तर निघेना. आणि दाब वाढतच होता. हळूहळू, अजिबात घाई न करता. ह्या एका हातावर माझं घर चालतं. तो गेला की शांतलिंग मेकॅनिक संपला. मी घाबरलो होतो, लहान पोरासारखा रडत होतो. सांगायला लाज कसली?

मग पाना उचलून तीन ठोके दिले.

काही नाही.

पुन्हा तीन.

आणि इंजिनाच्या आतून... माझ्या बोटांच्या अगदी वरून...

टक... टक... टक.

माझा पाना थांबलेला होता. ते तीन ठोके मला अडकलेल्या बोटांतून जाणवले. आतलं जे कोण होतं, ते माझ्याबरोबर ठोकत होतं.

मी तीन. त्यानं तीन. मी तीन. त्यानं तीन...

क्रँक मागं फिरला. जेमतेम बोटभर.

मी हात ओढायच्या आधीच आतून काहीतरी माझ्या बोटांना लागलं. गार. मऊ. माणसाच्या तळव्यासारखं. त्यानं माझा हात खाली ढकलला.

हात बाहेर आला आणि वर क्रँक खटकन परत जागेवर बसला.



मग आतून... टक... टक... टक.

नमाजवरून आलेल्या मुनवरनं शटर उचललं तेव्हा मी खड्ड्याच्या कडेला रक्ताळलेला हात धरून बसलो होतो. हँडल पुढच्या भोकात नव्हतंच. ते आदल्या संध्याकाळी मुनवरनंच भिंतीला टांगलं होतं. तसंच टांगलेलं होतं.

बोटं वाचली. वाकडी आहेत, पण पाना धरतात.

कृष्णराजनं दुसरं इंजिन बसवून गाडी नेली. जुनं इंजिन माझ्याकडंच आहे, मागच्या कोपऱ्यात. भंगारवाला तीनदा येऊन गेला. मी त्याला हाकलून दिलं. दिलं तर वितळायला भट्टीत जाईल ते. आत कुणीतरी आहे, त्याला भट्टीत कसं पाठवू?

दर शुक्रवारी दुपारी ठोके येतात. मुनवर आता नमाजला जायच्या आधी इंजिनात डिझेल ओततो आणि माझ्याकडं न बघता निघून जातो. मी लांब टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावतो. अंगात आहे तेवढा जोर लावून क्रँक उलटा फिरवायला बघतो.

केसभरही हलत नाही.

सुरुवातीला तिन्ही ठोके भराभर यायचे. आता एक येतो. बऱ्याच वेळानं दुसरा.

मी टॉमी धरून उभा राहतो. तिसरा यायला आता फार वेळ लागतो.