अक्काची हाक

माझी थोरली बहीण यशोदाबाई, आमची अक्का, शिरड शहापूरच्या पुढच्या एका वस्तीवर मेंढ्या राखायची. भावजी गेल्यावरही तिनं कळप विकला नाही. मी हिंगोलीत कॉलेजात इतिहास शिकवतो आणि सध्या किंग्स्टन या कॅरिबियन बंदराच्या इतिहासाचं भाषांतर करतोय. दर रविवारी अक्काकडे भाकरी खायची आणि नवं प्रकरण तिला वाचून दाखवायचं, हा माझा नेम. माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा ती बरी, निदान जांभई देत नसे.

पहिली प्रकरणं पोर्ट रॉयलची होती. इंग्रजांनी स्पॅनिशांकडून जमैका घेतलं आणि वाळूच्या पट्टीवर हे शहर फुगलं. चाचे, गुत्ते, लुटीचं सोनं. सोळाशे ब्याण्णवला भूकंप झाला. वाळू पातळ झाली, माणसं गळ्यापर्यंत आत गेली आणि वाळू पुन्हा घट्ट झाली. वाचलेल्यांनी पलीकडच्या काठावर किंग्स्टन वसवलं.

"मेंढ्या व्हत्या का तिथं?" अक्कानं विचारलं.

"असतील की."

"त्या आधीच निघाल्या असतील. माणसंच बसून ऱ्हातेत."

आमच्याकडं जमीन अधूनमधून गुरगुरते. पत्रे थरथरतात, लोक अंगणात येतात, चहा होतो, लोक आत जातात. त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण दिवाळीनंतर मेंढ्या अक्काच्या घराची भिंत चाटायला लागल्या.

दर अमावस्येला ती त्यांना दगडावर खडेमीठ घालायची. तेच कमी पडत असणार, असं तिला वाटलं. मेंढपाळाच्या घरात दुसरं काय वाटणार? तिनं मीठ वाढवलं. मेंढ्यांनी त्याला तोंडही लावलं नाही, भिंतच चाटत राहिल्या. मातीच्या भिंतीला लोणा लागतोच, खार फुटतोच, असं मी तिला समजावलं. मग भिंतीला बोट लावून जिभेवर ठेवलं. चव निव्वळ खारट होती आणि बोटाला मासळीचा वास येत होता.

"अक्का, हिंगोलीला चल माझ्याकडं."

"अन् हे लेकरं?" मेंढ्यांना ती लेकरंच म्हणायची.

"विकून टाकू."

तिनं चुलीपुढच्या जमिनीला कान लावला. मग म्हणाली, "भारत, खाली साखळ्या वाजून राहिल्यात. पायात साखळ्या घालून लई माणसं चालून राहिलेत."

आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली माणसं किंग्स्टनच्या बंदरात विकली जायची. ते प्रकरण मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. ते अजून इंग्रजीतच माझ्या टेबलावर होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कोन सांगंल? ऐकू येतंय. त्यायला वर यायचंय, वाट सापडंना. म्या हाक मारून बघते."

"कशाला?"

"मेंढरं हाकेला येतेत. माणसं काहून न्हाई येणार?"

टाळूला जीभ लावून ती एक लांब आवाज काढायची. तो तिचा एकटीचा होता. भावजींना तो कधी जमला नाही. तो ऐकला की चरणारा अख्खा कळप एकदम थांबायचा आणि कान तिच्याकडं वळवायचा. त्या दिवशी मी निघालो तेव्हा ती जमिनीकडं वाकून तोच आवाज काढत होती.

पुढच्या रविवारी दार उघडं होतं. भाकऱ्या टोपलीत झाकलेल्या. अक्का नव्हती. चुलीपुढं ओली वाळू होती, हातानं थापल्यासारखी सपाट आणि घट्ट.

लोकांनी विहिरी पाहिल्या, शेतं पाहिली. वाळू मीच खणली. खाली आपली काळी मातीच होती. मी ढसाढसा रडलो. मला फक्त माझी बहीण हवी होती.

मेंढ्या हिंगोलीला आणल्या. भाषांतर पुढं सरकलं. एकोणीसशे सातला किंग्स्टनही भूकंपानं पडलं, जळलं, पुन्हा उभं राहिलं, पुढं जमैका स्वतंत्रही झालं. शहरं परत उभी राहतात. अक्का येणार नाही, हे मी मान्य केलं होतं.

आज सकाळी मेंढ्या माझ्या लिहायच्या खोलीत शिरल्या.

त्या भिंत चाटायला लागल्या. सिमेंटची भिंत, गेल्या वर्षी रंगवलेली.

मी काठी उचलली.

तेवढ्यात सगळ्या एकदम थांबल्या.

मला काहीच ऐकू आलं नाही.

त्यांनी कान फरशीकडं वळवले, आणि सगळ्यात म्हातारी मेंढी खाली बघून ओळखीनं ओरडली.