जुव्यावरची पाठराखीण

होडीत पाय ठेवताच शुभदाच्या कानात पाठराखीण बोलली, "डावीकडे बसा. उजवीकडची फळी ओली आहे."

शुभदा मुकाट्याने डावीकडे सरकली. आयुष्यभर कोणी ना कोणी सांगेल तिथे बसत आलेल्या बाईला त्यात नवल ते काय वाटणार!

समुद्र वर चढल्यापासून मालवणजवळच्या खाड्यांत जुन्या जुव्यांच्या, म्हणजे खाडीतल्या बेटांच्या, जोडीला कितीतरी नवी बेटं झाली होती. तिथे एकट्याने फिरायचं तर पाठराखीण हवीच, असा नियम होता. पूर्वी नव्या नवरीबरोबर सासरी पाठवत ती बाईमाणूस. ही म्हणजे गळ्यात घालायच्या मण्याएवढं यंत्र. भरती-ओहोटी, वाटेवरचा साप, होडीवाल्याची चालचलणूक, सगळ्यावर तिचं लक्ष. निघण्याआधी वर्षभर ती घरीच गळ्यात बाळगावी लागे. तेवढ्या काळात ती माणसाची 'नित्यस्थिती' शिकून घेई: नाडी कशी चालते, श्वास कसा, उठबस किती. त्यात फार फरक पडला की धोका, असं तिचं साधं गणित होतं.

शुभदाचं ते वर्ष सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात गेलं होतं. आधीची वर्षं तरी कुठे वेगळी होती म्हणा.

"एकट्याच इलात?" जुव्यावर खानावळ चालवणाऱ्या लोचनवहिनींनी विचारलं.

"एकटीच."

"बरा केलात. घरात सांगून इलात मां?"

"सांगून कुठलं! विचारून आले," शुभदा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

जेवणात तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं आणि सोलकढी होती. जेवून शुभदा उंडीच्या झाडाच्या सावलीत चटईवर आडवी झाली. सवयीने थोडा वेळ तिने वाट पाहिली, आता कोणीतरी हाक मारेल. कोणी मारली नाही. खाडीचं पाणी हलत नव्हतं, तीही हलेनाशी झाली. अंगातला शीण एकेका सांध्यातून खाली उतरत होता.

"शुभदाताई, उठा," पाठराखीण म्हणाली. "नाडी मंदावली आहे. श्वास संथ झालाय. बराच वेळ तुम्ही हललेल्या नाहीत."

"मला बरं वाटतंय गं."

"असं तुम्ही याआधी कधी म्हटल्याची नोंद नाही. मदत बोलावली आहे."

बघता बघता नारिंगी रंगाची, बिनमाणसाची बचाव-होडी भोंगा वाजवत धक्क्याला लागली. प्रवाशाला किनाऱ्यावर नेण्यात येईल आणि परवाना रद्द होईल, असं तिने जाहीर केलं. ही प्रवाशाची नित्यस्थितीच आहे असं घरच्या माणसाने सांगितलं, तरच सुटका.

"गो बाय माझे!" लोचनवहिनी पदर खोचत होडीवर ओरडल्या. "जेवान आडव्या पडलेल्या माणसाक काय हॉस्पिटलात नेतत?"

घरचं माणूस म्हणजे पुण्यातली लेक, ओवी. तिचा घाबरलेला आवाज कानात आला. "आई, काय झालंय तुला? इथे सगळे आकडे लाल दिसतायत. होडीत बस आधी!"

शुभदा उठली. पायात चपलाही सरकवल्या. मग पुन्हा चटईवर बसली, आणि तिला रडू फुटलं.

"ओवी, मी फार दमलेय गं. घरी कधी बोलले नाही. इथे कोणी काही मागत नाहीये. मला चार दिवस इथे राहू दे."

ओवी आईचे आकडे पुन्हा पाहू लागली. ही नाडी, हा श्वास. धडधाकट, निवांत माणसाचे आकडे असेच असतात, एवढं तिला कळत होतं. तिने मागे जाऊन घरातल्या वर्षाची नोंद उघडली. तिथे दिवसरात्र धावणाऱ्या माणसाची नाडी होती, आणि सगळं हिरवं होतं.

"ही नित्यस्थिती आहे का?" होडीने विचारलं.

"हो," ओवी म्हणाली. "हीच धरा."

होडी वळून निघून गेली. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. ओवीने मात्र फोन ठेवला नाही.

"आई," ती म्हणाली, "मग घरी तुला इतकी वर्षं काय होत होतं? आणि आम्हांला ते तुझं नेहमीचंच कसं वाटलं?"